नानांच्या दूर्वा, साहेबांचा एजोब

आमचे हे दूर्वा आणायचे. हसू नका, चांगली सरकारी नोकरी होती ती! ग्वाल्हेर संस्थानच्या एका कचेरीकडे धर्माची काळजी वाहण्याचं काम होतं. कचेरीचं नाव मी सांगत नाही. तिथल्या मोठमोठ्यांची नातवंडं अजून इथेच राहतात आणि भाजी घेताना भेटतात.

संस्थानात रोज कुठे ना कुठे शांत, वास्तू, मुंज असायचीच, आणि प्रत्येक ठिकाणी दूर्वा-दर्भ लागायचे. ते नानांनी पुरवायचे. सगळे ह्यांना नाना म्हणत, मीही तेच म्हणते. नाव घ्यायला काय मंगळागौर आहे? सकाळी मुरारच्या नदीकाठी जायचं, कोवळ्या तीन-तीन पात्यांच्या दूर्वा खुडायच्या, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायच्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून दहाच्या आत कचेरीत पोचवायच्या. बावीस वर्षं हेच केलं. ओल्या गवतात बसून बसून गुडघे धरले, पण एक सुकलेली काडी कधी देवापुढे गेली नाही.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. संस्थान गेलं आणि मध्यभारत झाला. इंदूरच्या आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या एकत्र करायच्या ठरल्या, म्हणजे दोन सुनांना एकाच चुलीवर बसवायचं. कोण ठेवायचा आणि कोण काढायचा हे ठरवायला प्रत्येकाला एक छापील कागद दिला. त्यावर विचारलं होतं, ‘आपण नेमके काय काम करता?’

केवढा अडचणीचा प्रश्न हो! कचेरीचे प्रमुख भालचंद्रपंत आठ दिवस त्यावर बसले होते. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘धर्मरक्षणाच्या समस्त कार्यावर सर्वसाधारण देखरेख.’ ही देखरेख म्हणजे सुपारी कातरायची आणि दर अर्ध्या तासानं दौलतसिंह चपराशाला ‘कितने बजे?’ विचारायचं. आमच्या नानांनी दोन शब्द लिहिले, ‘दूर्वा आणतो.’

मी कपाळावर हात मारला. “अहो, जरा फुगवून तरी लिहायचं!”

“काय फुगवू? दूर्वाच तर आणतो.”

मला हसूही आलं आणि रडूही. घरात लग्नाच्या दोन मुली, सासूबाईंचा दमा, आणि ह्यांचं वय सत्तेचाळीस. नोकरी गेली असती तर हा माणूस खासगी बाजारात उभा राहून कुणाला म्हणणार होता, मला दूर्वा खुडता येतात, काम द्या? त्या दोन शब्दांवर आमचं सगळं घर टांगलेलं होतं.

तपासणीला साहेब आले ते अहमदनगरचे. मराठी बोलणारे, धर्मानं ख्रिस्ती. ऐकून पंतांच्या तोंडचं पाणी पळालं. गोरा ख्रिस्ती त्यांना चालायचा. रेसिडेंट साहेब यायचे तेव्हा पंत असे वाकायचे की पगडी सावरायला दुसरा माणूस लागायचा. पण नगरचा ख्रिस्ती म्हणजे दोन पिढ्यांमागे गावाबाहेर राहणारा, हा हिशेब पंतांनी चुटकीसरशी केला. उरलेल्या कामात इतकी हुशारी दाखवली असती तर!

साहेब आले, पंतांच्याच खुर्चीवर बसले आणि दुपारपर्यंत एकेकाचा कागद वाचत राहिले. नानांचा सगळ्यात शेवटी होता. “तुमचं उद्या बघतो,” म्हणाले आणि मुरारला जेवायला गेले.

टांगा वळतो न वळतो तोच पंत म्हणाले, “नाना, लोटा घ्या. दूर्वा आहेतच. खुर्ची, टेबल, उंबरा, सगळ्यावर शिंपडा.”

“पंत, साहेबांनी अजून माझा कागद वाचलेला नाही.”

“म्हणूनच सांगतोय! तुमची शिफारस कोण करणार, मी की तो?”

झालं! नानांनी लोट्यात जुडी बुडवली आणि मंत्र पुटपुटत खुर्चीवर पाणी शिंपडायला लागले. बाकीचे भिंतीशी उभे. तेवढ्यात दौलतसिंह धावत आला, “साहब लौट आए! चश्मा भूल गए!”

काय सांगू! बावीस वर्षांत त्या कचेरीत कुणी इतक्या चपळाईनं कामाला लागलं नव्हतं. एका क्षणात सगळ्यांच्या माना कागदात. मधोमध नाना एकटे, एका हातात लोटा, दुसऱ्या हातात ठिबकणारी जुडी. आणि पंत काय म्हणाले असतील? “नाना, हे काय चालवलंय? मी साफ मना केलं होतं ना!”

साहेबांनी टेबलावरचा ओला चष्मा उचलून पुसला. “काय करताय?”

“शुद्ध करतोय.”

“कशानं विटाळ झाला?”

पंत मध्येच म्हणाले, “उंदीर, साहेब. उंदीर मेला होता.”

आमच्या नानांना खोटं बोलता आलं असतं तर कागदच नसता का फुगवून लिहिला? ते म्हणाले, “उंदीर नाही. तुम्ही बसला होतात.”

दौलतसिंह पुढे मला सांगायचा, “भाभीजी, मैं तो आँख मूँदकर खड़ा था.” पण साहेब ओरडले नाहीत. त्या ओल्या खुर्चीवरच बसले आणि नानांच्या हातातली जुडी मागून घेतली.

“आमच्या बायबलात असंच एक झुडूप आहे,” ते म्हणाले. “एजोब. अगदी फालतू. भिंतीच्या भेगेत उगवतं, कुणी पाणी घालत नाही. पण त्या बायबलातले लोक गुलामीतून सुटायचे होते, तेव्हा देवानं त्यांना चंदन नाही मागितलं. एजोबाची जुडी कोकराच्या रक्तात बुडवा आणि दाराच्या चौकटीला लावा, म्हणजे मरण तुमचं घर ओलांडून जाईल, असं सांगितलं. महारोगी बरा झाला की त्याला परत माणसांत घेताना एजोबानंच शिंपडायचे. एका राजानं दुसऱ्याची बायको घेतली आणि नवऱ्याला मारवलं. नंतर डोळे उघडले तेव्हा तो देवाला म्हणाला, एजोबानं मला शुद्ध कर. पंत, ऐकताय ना? मला, म्हणाला. खुर्चीला नाही.”

पंत ऐकत नव्हते. ते घाम पुसत होते.

“आणि आमच्या प्रभूला क्रुसावर तहान लागली, तेव्हा आंबेत, म्हणजे आंबलेल्या द्राक्षारसात, भिजवलेला बोळा एजोबाच्याच काठीवर लावून त्याच्या ओठांशी नेला. माझी आजी हे सारखं सांगायची. ती तहानलेली आडापाशी उभी राहायची आणि वरून कुणी पाणी ओतेल तर प्यायची. ओतलं नाही तर तशीच घरी जायची.” साहेबांनी जुडी नानांच्या हातात परत दिली आणि डोकं पुढे केलं. “विटाळ माझा आहे ना? मग इथे शिंपडा.”

नानांचा हात उचलेना. मग त्यांनी लोटा उपडा केला, सगळं पाणी स्वतःच्या डोक्यावर, आणि भिजलेल्या धोतरानं भर बाजारातून घरी आले. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाले, “नोकरी गेली असं समज.” मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. उंदीर म्हणायला काय जीव जात होता?

तीन आठवड्यांनी साहेब स्वतः आमच्या घरी आले. गल्लीतली एकूण एक खिडकी उघडली. ओसरीवर सतरंजी घातली तिच्यावर ते बसले आणि मी आतल्या दारामागे उभी राहिले.

“नाना, तुमची जागा मी काढली,” ते म्हणाले. “रागानं नाही. कुणाचा तरी विटाळ धुवायला नव्या सरकारनं पगारी माणूस ठेवावा, हे मला पटत नाही. पंतांचीही काढायला लिहिलं होतं. पण त्यांचे व्याही वर निघाले, तेव्हा पंतांना बढती मिळालीय.”

वा! देखरेखीला फळ आलं म्हणायचं.

“दुसरं एक काम आहे. मुरारला सरकारी औषधी बाग निघतेय. झाडपाला ओळखणारा, ताजं आणि सुकलं ह्यातला फरक कळणारा माणूस मला हवाय. पण जागा माळ्याची आहे, आधीच सांगतो. मी संध्याकाळच्या गाडीनं जातोय, त्याआधी उत्तर हवं.”

माळी! माझ्या अंगाची लाही झाली. पेशव्यांबरोबर दख्खनेतून आलेलं घराणं आणि जावई येतील तेव्हा सासरे खुरपं घेऊन बसलेले! नानांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. जोरात हलवली.

तेवढ्यात साहेब म्हणाले, “उन्हातून आलोय. जरा पाणी मिळेल?”

मी आत गेले. कोनाड्यात एक टवके उडालेलं टमरेल होतं, झाडूवालीसाठी ठेवलेलं. खरं सांगते, मी विचार केला नाही, हात आपसूक तिकडे गेला. पाणी भरून ओसरीवर ठेवलं. साहेबांनी त्या टमरेलाकडे पाहिलं, किंचित हसले आणि हात पुढे केला. सवय असणार.

त्यांच्या आधी नानांनी ते उचललं. तोंडाला लावलं आणि थेंब न ठेवता सगळं पाणी पिऊन टाकलं. धोतराच्या सोग्यानं ओठ पुसले आणि साहेबांना म्हणाले, “उद्यापासून येतो बागेत.”

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “अगं, साहेबांना माझ्या फुलपात्रातून पाणी आण.”

मी आत आले. ह्यांचं फुलपात्र सकाळीच घासून पालथं घातलेलं होतं, लख्ख. तरी मी चिंच घेतली, राख घेतली आणि ते पुन्हा घासत बसले. बाहेर दोघं वाट बघत होते आणि मला बाहेर जायला तोंड नव्हतं.