धुऱ्यावरून न दिसणारे तुडतुडे

"ही लेन्स आहे की पावडरच्या डब्याचं झाकण?" संचालकसाहेबांनी माझी छोटी मॅक्रो लेन्स दोन बोटांत धरून विचारलं.

टेबलाभोवतीचे चौघे हसले. साहेब हसले की आपण हसायचं, हा त्या संस्थेत काटेकोरपणे पाळला जाणारा एकमेव नियम असावा.

मी भंडाऱ्यात तीस वर्षं फोटोग्राफी करतो. लग्नं, बारशी, पितळी भांड्यांचे कॅटलॉग. ही संस्था शेतकऱ्यांना पिकाबद्दल सल्ला देते. नाव लिहीत नाही. तिचा फलक तसाही तिच्या कामापेक्षा मोठा आहे. धानावरच्या किडींची सचित्र पुस्तिका काढायची होती आणि लेन्स निवडायला मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. म्हणजे निवड झालेली होती. मी फक्त मान हलवायची होती.

निवडलेली लेन्स टेबलावर उभी होती. हातभर लांब झूम, पांढरी, अंगावर सोनेरी अक्षरांत 'मॅक्रो' लिहिलेलं. समितीने ती आळीपाळीने हातात घेतली. "वजन आहे," एक सदस्य म्हणाले. दुसऱ्यांनीही उचलून पाहिली आणि वजन असल्याला दुजोरा दिला. तांत्रिक चर्चा एवढीच झाली.

मी म्हटलं, "साहेब, झूमवर मॅक्रो लिहिलेलं असतं, पण ते कौतुकापुरतं. खऱ्या मॅक्रो लेन्समध्ये धानाचा दाणा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटतो. याला वन टू वन म्हणतात. या झूममध्ये तो चतकोर उमटेल. तुडतुडा मुळात तीन-चार मिलिमीटरचा. चतकोर झाला की ठिपका."

"आणि तुमच्या झाकणात?"

"पूर्ण येतो. फक्त जवळ जावं लागतं. काच आणि किडा यांच्यात चार-पाच बोटं अंतर. त्यामुळे लेन्सची सावली पडते, तो तिचा दोष. पण ती धानाच्या दोन चुडांमध्ये शिरते."

चूड म्हणजे रोवणीच्या वेळी एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका. हे मला समितीलाही सांगावं लागलं.

"या मोठीने किती लांबून फोटो निघतो?"

"दीड मीटरवरून."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला. धुऱ्यावर उभं राहून काम होईल. चिखलात उतरायची गरज नाही."

धुरा म्हणजे बांध. संस्थेचं बरंचसं ज्ञान धुऱ्यावर उभं राहूनच मिळवलेलं होतं, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

पहिलं छायाचित्रण आसगावजवळ, तलावाखालच्या बांध्यांत, म्हणजे धुरे घालून पाणी अडवलेल्या धानाच्या तुकड्यांत ठरलं. धानाच्या लोंब्या भरत होत्या. तिथले शेतकरी धनराजभाऊ यांच्या बांधीत मात्र मधोमध तपकिरी, गोल चट्टे पडले होते. संस्थेचा माणूस आठ दिवसांपूर्वी येऊन सल्लापत्रात 'करपा' असं लिहून गेला होता. करपा हा बुरशीचा रोग.

"करपा नाही जी हा," धनराजभाऊ साहेबांना म्हणाले. "तुडतुडे आहेत. बुडाशी बसून रस पिऊन राहिले."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वाकून पाह्यलं जी."

साहेबांना ही पद्धत नवीन असावी.

आता अडचण समजून घ्या. तुडतुडे पाण्यालगत, बुडाशी राहतात. ते आवरायचे तर बांधीतलं पाणी काढून टाकावं लागतं आणि बुडाशी फवारणी करावी लागते. पण तलावाखालच्या बांध्या पायऱ्यांसारख्या असतात. धनराजभाऊंचं पाणी खालच्या मारोतीजींच्या बांधीतून जाणार, तिथून नाल्यात. मारोतीजींनी आपला धुरा फोडल्याशिवाय वरची बांधी सुकत नाही. आणि मारोतीजी धुरा फोडायला तयार नव्हते.

"कागदावर करपा लिवला हाये न?" ते म्हणाले. "मंग करप्यासाठी मी पाणी कायले सोडू? गेलेलं पाणी तलाव वापस देईन का?"

"चार दिवस असेच गेले तर माही बांधी वाळून तणस होऊन जाईन, भाऊ."

"तं कागद बदलून आण."

मारोतीजींचं मला चूक वाटलं नाही. सही-शिक्क्याचा कागद आणि वाकलेला शेजारी यांत माणूस कागद धरतो.

साहेबांच्या आज्ञेने मी धुऱ्यावरून, मोठ्या लेन्सने फोटो काढले. पानं अप्रतिम आली. पानावरची धूळसुद्धा मोजता आली असती. बूड अर्थातच दिसलं नाही; पुढच्या चुडांनी झाकलं होतं.

"वा! क्लॅरिटी बघा!" साहेब म्हणाले. "पान कसं वाळलंय. स्पष्ट करपा."

चूक आता जास्त स्पष्ट दिसत होती, एवढाच मोठ्या लेन्सचा फायदा.

मी बूट काढले, पँट दुमडली, छोटी लेन्स लावली आणि बांधीत उतरलो. धनराजभाऊंनी चूड हलक्या हाताने फाकवला. "हळू जी, भाऊ. धक्का लागला का सरकते मागच्या बाजूले." सरकलेच. आम्ही दुसरा चूड धरला. सावली पडत होती म्हणून त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण धरून बुडाशी उजेड फेकला. कोपर चिखलात, नाक धानात, श्वास रोखलेला. वीसेक फोटोंत एक धड आला. पण त्यात देठावर तपकिरी तुडतुडे असे खेटून बसले होते, जणू लग्नाची पहिली पंगत.

धुऱ्यावर येऊन मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो मोठा करून दाखवला.

"हा याच शेतातला आहे ना?" साहेबांनी विचारलं. मी तो काढला तेव्हा ते दहा पावलांवर उभे होते.

"याच."

"पण आपल्या मान्य लेन्सने काढलेला नाही. तसा घेता येणार नाही. समितीपुढे ठेवू."

"समिती कधी बसते जी?" धनराजभाऊंनी विचारलं.

"महिनाअखेरीस."

धनराजभाऊ डब्याचं झाकण पुसू लागले.

मारोतीजी मात्र स्क्रीनवर वाकले होते. बराच वेळ पाहून म्हणाले, "हे बुडाशीच असते म्हणता?"

"हो."

ते आपल्या बांधीत उतरले. एक चूड फाकवला. मग दुसरा. मग पार मधोमध जाऊन तिसरा. परत आले तेव्हा आवाज बदलला होता.

"धनराज, फावडं आण बे. माह्याही बांधीत हायेत."

"अहो, पण सल्लापत्रात करपा आहे," साहेब म्हणाले.

"असू द्या जी. तो कागदावरच राहू द्या, वावरात नोका आणू."

संध्याकाळपर्यंत दोन्ही बांध्यांचं पाणी नाल्याला लागलं. दुसऱ्या दिवशी फवारणी झाली. धनराजभाऊंच्या बांधीतला मधला चट्टा गेलाच, पण तो पसरायचा थांबला. धुऱ्याकडचं धान भरलं. मारोतीजींचं जवळपास सगळं वाचलं. सुधारित सल्लापत्र यथावकाश आलं: 'पाण्याचा त्वरित निचरा करावा.' ते चावडीवर लागलं त्या दिवशी दोघं धान कापत होते.

कोणती मॅक्रो लेन्स घ्यावी, असं लोक मला अजून विचारतात. लेन्स किती एमएमची आणि किती किमतीची, हे मी त्यांना नंतर सांगतो. आधी विचारतो, गुडघे टेकणार का? हो म्हणाले तर छोटी, हलकी मॅक्रो सुचवतो. नाही म्हणाले तर सांगतो, मोठी घ्या. कार्यक्रमात गळ्यात शोभून दिसते.