न भाजलेले पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला माझ्या दाढदुखीपासून साहेबाशी झालेल्या भांडणापर्यंत सगळं ठाऊक असतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे हे बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. पंचवीसहून अधिक वर्षं हेच चाललंय.

मी कोरगावचा. वीजखात्यात लाइनमन आहे. वादळात खांबावर चढतो म्हणून वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, माझा मान आहे. रोहिदास कशाला भीत नाही, असं लोक येताजाता म्हणतात. ऐकलं की डोकं उठतं माझं.

आमच्या शाळेजवळ एक चौथरा आहे. त्यावर उमेशचा फोटो लावलाय — लष्कराच्या वेषातला, ओठ घट्ट मिटलेला. उमेश माझा शेजारी, माझा दोस्त. कारगिलच्या लढाईत गेला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. दरवर्षी त्याच्या नावानं कार्यक्रम होतो. माइक खरखरतो, पोरं उन्हात उभी राहतात, कुणीतरी पुढारी उशिरा येऊन तेच भाषण करतो. शूर सुपुत्र, गावाची शान... अहो, तो कसा होता हे यांना माहीत तरी आहे का? तो क्रिकेटमध्ये धडधडीत खोटं बोलायचा, आउट झाला तरी बॅट सोडायचा नाही. हॉटेलात गेला की पातळ भाजीबरोबर तीन उंडे पाव एका बैठकीत संपवायचा आणि चौथ्यासाठी माझ्याकडे बघायचा. फोटोसारखं तोंड मिटून बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही. चिडचिड होते माझी त्या फोटोसमोर.

आणि त्या फोटोला हार कोण घालतं? मी. त्याची आई, सत्यवतीकाकी, समोर खुर्चीवर बसलेली असते. पुढारी तिला हात धरून उठवू पाहतात, ती उठत नाही. माझ्याकडे बोट दाखवते. लोकांना वाटतं, म्हातारीला सहन होत नसेल. तसं नाही ते. का नाही, हे मला माहीत आहे — एकट्यालाच.

उमेश धोंड होता. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत व्रत धरून निखाऱ्यांवरून जाणारे, ते धोंड. पाच वर्षं जाण्याचा नवस तो बोलला होता. चौथ्या वर्षी त्याला रजा मिळेना. लढाई अजून सुरू झाली नव्हती, नुसतीच रजा नव्हती. त्यानं दुकानावर फोन करून मला बोलावून घेतलं. म्हणाला, "माझ्या बदला तू जा रे. माझो बेत घे." बेत म्हणजे धोंडाच्या हातातली लोकरीच्या गोंड्यांची काठी. वाड्यावरच्या जुन्या धोंडांनी थोडी कुरकुर केली आणि मग हो म्हटलं. मीही हो म्हटलं. काय मोठं आहे त्यात, असं वाटलं होतं मला.

पाच दिवस मी व्रत पाळलं. ते मात्र खरं पाळलं, तेवढं सांगू द्या. काकी स्वतः आंघोळ करून, ओलेत्यानं, वेगळ्या चुलीवर माझं जेवण करायची. मुलाच्या जागी मी होतो.

मग जत्रा. रात्रभर पेटलेली लाकडं पहाटेपर्यंत बसतात आणि निखाऱ्यांचा लाल पसारा उरतो — होमखण म्हणतात त्याला. तळीवर आंघोळ करून आम्ही आलो. देवीचं नाव घेत माणसं धावत निघाली. मी रांगेत होतो. माझ्या पुढे दोघे उरले. मग एक.

आणि मी गेलो नाही.

कारण काय देऊ? धूर होता. धग तोंडावर येत होती. पुढचा माणूस मधेच अडखळल्यासारखा झाला, की मला तसं वाटलं? जे काही असेल ते. शेकडो माणसं गेली, पोरसवदा गेले, म्हातारे गेले, आणि मी बाजूला सरकलो. गर्दीतून, धुरातून, कडेकडेनं पलीकडे गेलो आणि पार झालेल्यांत मिसळलो. वाकून राख उचलली, पोटऱ्यांना फासली. कुणीतरी मला मिठी मारली. मीही मारली.

घरी आलो तर काकी तांब्या घेऊन दारात. तिनं माझे पाय धुतले, तळवे उलटून बघितले आणि वाड्यावर ओरडून सांगितलं, की पोराला एक फोड नाही! बायका बघायला आल्या. मी ओसरीवर तळवे दाखवत बसलो. कसे भाजतील? निखाऱ्याला लागलेच नव्हते. उमेशला मी पत्र लिहिलं — नवस पार पडला, काळजी करू नको. त्याचं उत्तर आलं, आता मला धीर आला. आता मला धीर आला! चार शब्द, आणि आजही ते आठवले की अंगाची लाही होते.

दोनेक महिन्यांनी तो गेला. तोफेचा गोळा, असं आम्हाला सांगितलं.

देवीनं सूड घेतला असं मी मानत नाही. माणूस गोळ्यानं मरतो. ज्या डोंगरावर तो होता तिथे आणखीही पोरं मेली, त्यांच्या नवसांचं काय? हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय आणि ते मला पटलेलंही आहे. ही कबुली त्याची नाहीच.

ही कबुली पुढची आहे.

त्याच्या वर्षश्राद्धानंतर काकी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी सहज गेलो. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "व्रताच्या वेळार घरात सुतक होतां रे. मिया सांगूक नाय कोणाक." तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ आरोंद्याला वारला होता. निरोप घेऊन माणूस आला, तर तिनं त्याला मागच्या दारी चहा देऊन परत पाठवलं. सुतक कळलं असतं तर व्रत मोडलं असतं, मुलाचा नवस चुकला असता. म्हणून ती गप्प राहिली आणि त्याच हातांनी माझं जेवण रांधत राहिली. मग म्हणाली, "तुज्या पांयांक एक फोड येवंक नाय. म्हणजे देवीन तुका पार केलो. चूक तुजी नाय. चूक माझीच."

कळलं ना तुम्हाला? माझे न भाजलेले पाय — हा तिच्याविरुद्धचा पुरावा होता.

एक वाक्य पुरलं असतं. काकी, मी निखाऱ्यांवर गेलोच नव्हतो. तिच्या हिशेबात दोष माझ्याकडे आला असता आणि ती मोकळी झाली असती. पण मग मी कोण झालो असतो? तिच्या मुलाला मारणारा. माझं लग्न ठरत होतं, नोकरी नुकती लागली होती, वाड्यावर नाव होतं. मी तिच्याबरोबर सोलं पसरू लागलो. म्हणालो, "तसां काय नसतां, काकी." एवढंच. तसं काय नसतं! जसं काही मी मोठा शहाणा.

तेव्हापासून यंदापर्यंत ती गावच्या देवळाची पायरी चढली नव्हती. बाहेर दीपमाळेपाशी उभी राहायची. प्रसाद हातात घ्यायची नाही, पानावर ठेवून घ्यायची. आणि मुलाच्या फोटोला हात लावत नाही. पहिल्या वर्षीच माझ्या कानात म्हणाली होती, "तू घाल. तुज्या हाताक दोष नाय." मी घातला. दरवर्षी घालतो. दरवर्षी घरून निघताना ठरवतो की आज सांगायचं, आणि दरवर्षी टाळ्या ऐकून परत येतो. मग दिवसभर कुणावर तरी ओरडतो — बायकोवर, हेल्परवर, कुत्र्यावर. त्यांचा काय दोष?

यंदा दिवाळीनंतर काकीनं मला बोलावलं. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, कमरेत वाकलीय. हातात नारळ दिला. ती मरायच्या आधी मी शिरगावला जाऊन तिच्या वतीनं देवीची माफी मागायची आणि कौल लावायचा — फूल उजवीकडून पडलं की देवीनं माफ केलं. का मी? तर देवीनं मला एकदा पार केलंय म्हणून.

भर दुपारी मी शिरगावला गेलो. देवळात गर्दी नव्हती. भटजींनी विचारलं, कुणाच्या नावानं? मला नाव घेता येईना. निरपराध बाईच्या नावानं माफी कशी मागायची? आणि माझ्या नावानं मागायची, तर पुन्हा तेच तोंड उघडायचं. नारळ ठेवला आणि निघालो. कौल लावलाच नाही.

ती उंबऱ्यात वाट बघत होती. "काय म्हणाली रे देवी?"

"उजवो कौल दिल्यान, काकी. माफ केल्यान."

म्हणजे बघा, मी काय केलं ते. तिनं न केलेला गुन्हा मी देवीकडून तिच्यावर शाबीत करून आणला. काकी रडली. एवढी सुटल्यासारखी रडताना मी तिला कधी पाहिली नव्हती, मुलाच्या वेळीही नाही. मग ती वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या आईच्या वयाची बाई. मी पाय मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती देवळाची पायरी चढली. लोक म्हणाले, रोहिदासानं म्हातारीला देवळात आणलं. मी मान डोलावली.

या लिहिण्यातली माणसांची नावं मी बदलली आहेत, माझं स्वतःचंही. काकीला वाचता येत नाही. ते धरूनच मी हे लिहायला बसलो.