तलावावरची तोंडी परवानगी

धुळ्याजवळच्या एका तलावाच्या बांधावर देखरेख करायचं काम मी तीन-चार वर्षं केलं. कनिष्ठ अभियंता म्हणून ती माझी पहिलीच नेमणूक. देवपुरात खोली घेतली होती. सकाळी स्कूटरवरून जायचं, पाण्याची पातळी लिहायची, कुठे पाझर दिसतो का बघायचं आणि ऑफिसला यायचं. पाण्यावर लोक काय करतात याच्याशी माझा तसा संबंध नव्हता. पण रविवारी शहर तिथे लोटायचं. पायाने चालवायच्या बदकाच्या आकाराच्या बोटी, पाच-सहा वल्ह्यांच्या बोटी, धक्क्यावर भेळवाले, पाण्यात हात घालून ओरडणारी पोरं. हे सगळं एक म्हातारा माणूस सांभाळायचा. सगळे त्यांना नाना म्हणायचे, मीही नानाच म्हणायचे. त्यांच्या घरात मासेमारी होती आणि पोहायला ते याच पाण्यात शिकले होते.

एक दिवस वरून निरोप आला की आपल्या तलावावर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची चाचणी होणार आहे. पर्यटन वाढेल, शहराचं नाव होईल, असं सगळे बोलत होते. नकाशावर एक सरळ पट्टा आखला गेला. विमान पश्चिमेकडून येईल, बांधाच्या दिशेने पाण्यावर टेकेल आणि थांबेल. पट्ट्याच्या कडेला लाल गोळे दोरीला बांधून सोडायचे, म्हणजे बोटी आत येणार नाहीत. ते काम माझ्याकडे आलं.

गोळे सोडायला नानांचीच बोट घेतली होती. मी नकाशा मांडीवर धरून बसले होते. नाना वल्हं थांबवून म्हणाले, "ताई, विमान इकडथून येवाव नही."

"का?"

"बारा वाजनात का वारा फिरस आठला. मंग विमान बांधवरथून येई." त्यांनी दूरवर पाण्यावर बसणाऱ्या बदकांकडे बोट केलं. "बदकं भी वाराले तोंड दिसन उतरतस. विमान का येगळं करी?"

मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा नकाशातली दिशा चालेल. पण दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की विमानाला उलट बाजूने, बांधावरून यावं लागेल. आणि बोटींचा धक्का बांधालाच लागून होता. शिवाय तोच वारा अंगावर घेऊन हलक्या बोटी आवरणं नवख्या माणसाच्या हातचं नव्हतं. मी हे सगळं डायरीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. साहेब भराभर मुद्दे संपवत होते. "आणखी कुणाचं काही?" असं त्यांनी विचारलं तेव्हा डायरी माझ्या समोर उघडी होती. मी बोलले नाही. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की मी नवीन होते, खोलीत एकटी बाई होते, घाबरले. ते खरं नाही. जेवणाची वेळ झाली होती, सगळे उठायच्या तयारीत होते, आणि चाचणी सकाळी अकराला आहे तर दुपारच्या वाऱ्याचं काय, असं मला वाटलं. एवढंच.

चाचणी रविवारी ठेवली, गर्दी दिसावी म्हणून. सकाळी दहा ते दुपारी बारा बोटी बंद, असा कागद धक्क्यावर चिकटवला होता. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. पाहुणे आले नव्हते, म्हणून विमानही निघालं नव्हतं. बारा वाजले. ऊन चढलं. बोटीत बसायला आलेली माणसं धक्क्यावर ताटकळून चिडली होती. मी मंडपात खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावत होते, तेव्हा नाना आले.

"बारा वाजी गयात, ताई. लोके ऐकतस नही. बोटी काढू का?"

मी मान वर करून पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "काढा. पण कडेकडेनं. विमान निघाल्याचं कळलं की मी फोन करते."

"पक्का करशात ना?"

"करते, नाना."

सव्वा वाजता पाहुणे आले आणि मग सगळी धावपळ सुरू झाली. विमान निघाल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या हातात पुष्पगुच्छांचं तबक होतं आणि फोन पर्समध्ये, पर्स खुर्चीवर. ठेवते तबक आणि करते, असं मनात होतं. तेवढ्यात कुणीतरी समई पेटत नाही म्हणून हाक मारली. मी तिकडे गेले.

आवाज ऐकू आला तो पाठीमागून, बांधाच्या बाजूने. मी बाहेर आले. वारा चांगलाच सुटला होता, मंडपाची झालर फडफडत होती. पाण्यावर चार-पाच बोटी होत्या. त्यातली वल्ह्यांची एक, नवरा-बायको आणि दोन मुलींची, वाऱ्याने भरकटून पार मधल्या पट्ट्यात गेली होती. नवऱ्याला वल्हं मारता येत नव्हतं, बोट जागच्या जागी फिरत होती. नाना दुसऱ्या बोटीने त्यांच्यापर्यंत पोचले होते आणि दोर बांधत होते.

विमान बांधावरून खाली आलं. इतकं खाली की त्याच्या पोटाखालचे लांबट तरंगे स्पष्ट दिसले. चालवणाऱ्याला बोटी दिसल्या असाव्यात, कारण आवाज एकदम वाढला आणि विमान पुन्हा वर गेलं. बोटींवरून गेलं. ते कुणाला लागलं नाही. पण त्या बोटीतली माणसं भीतीने उभी राहिली आणि बोट उलटली.

लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होती. धाकटीचं मात्र मोठ्या माणसाचं होतं, ती त्यातून निसटून खाली गेली. नानांनी उडी मारली. त्यांनी तिला वर काढलं, पण तिला उलट्या बोटीवर चढवताना वाऱ्याने दुसरी बोट त्यांच्या खांद्यावर येऊन आदळली. धक्क्यावर आणलं तेव्हा मुलगी खोकत होती, रडत होती. नानांचा उजवा हात लोंबत होता. मी जवळ गेले. ते मला म्हणाले, "पोरगी बरी शे ना?" फोनबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी अहवाल तयार झाला. साहेबांनी मला बोलावलं.

"बोटी बारानंतर कुणी काढायला सांगितल्या?"

"मी म्हटलं होतं, साहेब. कडेकडेनं काढा म्हणून."

त्यांनी अहवालाचा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लेखी दिलं होतं?"

"नाही."

"मग परवानगी नव्हती. बघा, तुमची नोकरी नवीन आहे. तो माणूस म्हातारा आहे, त्याला आज ना उद्या घरीच बसायचंय."

कागदावर लिहिलं होतं, की बोटचालकाने सूचना न पाळता बोटी पाण्यात सोडल्या. खाली चार सह्यांच्या जागा होत्या. तिसरी माझी. मी वाचून सही केली. न वाचता केली असती तर निदान तसं सांगता तरी आलं असतं.

नानांचा परवाना रद्द झाला. बोटी काही महिने बंद राहिल्या, मग दुसऱ्या कुणाला तरी दिल्या. विमान पुन्हा आलं नाही. मी दवाखान्यात एकदा गेले होते. वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

दोन वर्षांनी माझी बदली जळगाव जिल्ह्यात झाली, राहायला दीपनगरजवळ. नाना नशिराबादला मुलीकडे राहतात हे धक्क्यावरच्या भेळवाल्याने मला कधीतरी सांगितलं होतं. जळगावच्या ऑफिसला जाता-येता रोज ते गाव लागायचं. जवळजवळ वर्षभर मी तिथे उतरले नाही. एका शनिवारी उतरले.

नाना ओट्यावर बसले होते. डाव्या हाताने शेंगा फोडत होते. मला ओळखलं. "ये बेटा, बस," म्हणाले. त्याआधी त्यांनी मला बेटा म्हटल्याचं आठवत नाही, पूर्वी ताईच म्हणायचे. मी खांद्याचं विचारलं. हात वर जात नाही म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "ती पोरगी कशी शे? भेटनी का कधी?"

त्या कुटुंबाचा पत्ता माझ्याच फायलीत होता आणि मी एकदाही चौकशी केली नव्हती. मी नाही अशी मान हलवली.

"बरी व्हई," ते म्हणाले.

मी मग सगळं बोलले. फोन, तबक, सही. मी लेखी देते, की बोटी मीच काढायला सांगितल्या होत्या, असंही म्हणाले. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. "आते लिखीसन काय व्हई?" एवढंच म्हणाले. रागाने नाही. त्यांना खरंच विचारायचं होतं.

तरी मी ऑफिसला लिहिलं. दीड पानाचं पत्र, तारीख-वार, नानांनी वाऱ्याबद्दल आधी सांगितलं होतं तेसुद्धा. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की प्रकरण बंद झालेलं आहे, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही. मला कुणी काही विचारलं नाही, शिक्षाही झाली नाही.

दोन्ही कागदांच्या प्रती घेऊन मी पुन्हा नशिराबादला गेले. नानांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या मुलीने दारात उभं राहून वाचून दाखवलं. ती माझ्याच वयाची असेल. माझं पत्र तिने सावकाश वाचलं, उत्तर भराभर. मग कागद घडी करून माझ्या हातात दिले.

"हे तेव्हाच लिहायचं होतं ना, मॅडम," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. नाना बाहेर रस्त्याकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी मुलीला चहा ठेवायला सांगितलं. ती आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला नाही. नंतर तिने चहा आणून दिला, आणि मी आणि नानांनी तो घेतला.