पुंजाराम मास्तरांचा आगमनकाळ

मंठ्याकडच्या एका खेड्यात पुंजाराम मास्तर एकतीस वर्षं प्रार्थना चालवत आले होते. शाळेचे मास्तर नव्हेत ते. ख्रिस्ती वस्तीला धर्मशिक्षण द्यायचे, म्हणून मास्तर. फादर महिन्यातून एकदा जालन्याहून यायचे, बाकीचे रविवार मास्तरांचे. आवाज असा खणखणीत, की पत्र्याच्या चर्चमध्ये कधी माईक लागला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, ‘न्हाई’. सून प्रीती विचारायची, “मामा, चहा घेता का?” मनात ‘हो’ असायचं, तोंडातून ‘न्हाई’ पडायचं आणि ती कप उचलून परत न्यायची. डोक्यात सगळं बराबर होतं. वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या बाप्तिस्म्याचं सालसुद्धा. बाहेर यायची वाट तेवढी बंद झाली होती.

नाताळाआधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ. त्याच्या पहिल्या रविवारी वस्ती मास्तरांच्याच अंगणात जमली. जांभळी मेणबत्ती लागली. नवऱ्याच्या जागी उभं राहून गिरिजाबाईंनी जुनी प्रार्थना धरली, “ये प्रभो, ये. अंधारात बसलेल्यांकडं ये...” आणि पुढचं त्यांना आठवेना.

तोच खाटेवरून आवाज आला, “बांधलेल्यांच्या गाठी सोड, बंद दार उघड, उशीर करू नको.”

“मास्तरला वाचा फुटली!” शेजारचा अंगद ओरडला. बायांच्या डोळ्यांना धारा लागल्या. गिरिजाबाईंनी नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “अवो, बोला की. माझं नाव घ्या.”

मास्तरांनी सगळा जीव एकवटला.

“न्हाई,” ते म्हणाले.

जालन्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की वर्षानुवर्षं पाठ असलेलं कधीकधी लकव्यातूनही वाचतं. मनातलं बोलणं परत येईलच असं नाही. पण तोवर बातमी पार बदनापूरपर्यंत गेल्ती. माणसं चमत्कार बघायला येऊ लागली. “मास्तर, म्हणा की एकदा.” कोणी ‘ये प्रभो’ म्हटलं की मास्तरांची जीभ आपोआप चालू व्हायची आणि शेवटाला जाऊनच थांबायची. मधे थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. लोक छातीवर क्रुसाची खूण करून समाधानानं जायचे. मास्तर भिंतीकडं तोंड करून पडायचे.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी गिरिजाबाई कापूस वेचायला गेल्या. प्रीती मागच्या दारी धुणं धूत होती. कूस बदलताना मास्तर घसरले आणि उजवा हात खाट न् भिंतीच्या मधे अडकला. अंगाचा भार त्याच्यावर. मेलेल्या हातालाही खांद्यापाशी कळ होतीच. ते ओरडले, “न्हाई! न्हाई!” प्रीतीला त्याची सवय झाली होती. मग त्यांनी उरलं होतं तेवढं सगळं लावून प्रार्थना म्हटली.

“म्हणा मामा, म्हणा,” मागून आवाज आला. “ऐकून राह्यले मी.”

त्यांनी पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली. बांधलेल्यांच्या गाठी सोड. एकतीस वर्षं हे शब्द त्यांनी चालीत, ठसक्यात, दुसऱ्यांसाठी म्हटले होते. यात कोणीतरी खरोखर हाक मारतंय, हे आज त्यांच्या कानावर आलं. चौथ्या वेळी ‘ये’ निघताच त्यांनी डाव्या हातानं गोधडीचा कोपरा तोंडात कोंबला. पुढचे शब्द घशात धडकले. कोपरा काढला. “ये.” पुन्हा कोंबला. “ये.”

प्रार्थना तुटली तशी प्रीती ओल्या हातानं धावत आली. “अरे देवा! हाका मारून राह्यलते व्हय तुम्ही?” तिनं खाट ओढली, हात सोडवला, चोळत बसली. मास्तर लहान लेकरासारखे रडले. तीही रडली.

नाताळापर्यंत गोधडीशिवाय त्यांना ‘ये’वर थांबता येऊ लागलं. दुसरा शब्द मात्र आला नाही. गिरिजाबाईंचं नावही नाही.

नाताळ झाला. जांभळ्या मेणबत्त्या पेटीत गेल्या, चर्चमधल्या प्रार्थना बदलल्या. मास्तर अजून ‘ये’ म्हणतात. परवा दुपारी ‘ये’ ऐकून प्रीती हातातलं पीठ झटकत दारात आली. पाणी भरलेलं होतं, पांघरूण नीट होतं. मास्तर तिच्याकडं बघतच नव्हते. डोळे वर लावून ते पुन्हा म्हणाले, “ये.” ती पाऊल न वाजवता भाकरीकडं परत गेली.