दंडवतात अडकलेली पाठ

देवाकडे काय मागावं याची अक्कल मला उशिरा आली, आणि तीही पालथं पडल्यावर. फौजेत असताना एका बर्फाळ चौकीवर ट्रकमधून रेशन उतरवताना मी पोत्यासकट खाली आलो आणि कमरेचा मणका दुखावला. त्याबद्दल अपंगत्वाची पेन्शन मिळत होती. पण अलीकडे दुखणं पायात उतरलं. उसाला पाणी पाजताना डावा पाय बधिर व्हायचा आणि मी सरीत कोलमडायचो. अपंगत्वाची टक्केवारी वाढून पेन्शन वाढली तर शेतावर गडी ठेवता येणार होता. नाहीतर हाच पाय घेऊन चिखल तुडवत राहायचं होतं.

म्हणून फेरतपासणीचा अर्ज केला आणि मेडिकल बोर्डापुढे जाऊन भलताच घोळ घातला. समोर वर्दीतले डॉक्टर दिसताच अंगात जुना हवालदार संचारला. टाचा जुळल्या, छाती पुढे आली. "कैसे हो?" असं त्यांनी विचारलं, तर मी खणखणीत आवाजात म्हणालो, "एकदम ठीक, साब." वाकून दाखवा म्हणाले, तर दातओठ खात पायाची बोटं शिवली. परतताना साताऱ्यापर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडून आलो. बोर्डानं बिचाऱ्यानं जे पाहिलं तेच लिहिलं. टक्केवारी जागची हलली नाही. बायको म्हणाली, "तुमी दुखतंय म्हणून सांगाय गेला हुता, का भरतीला?"

अपील केलं, दुसऱ्या बोर्डाची तारीख मिळाली. आता स्वतःवर भरवसा उरला नव्हता. देवावर होता, पण त्यातही शंकेची पाल चुकचुकायची. तरी म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोललो, की टक्के वाढव, माणगंगा नदीपासून तुझ्या दारापर्यंत दंडवत घालीन. वर काम व्हायच्या आधीच फेडायला निघालो. उचल दिली की गडी लवकर कामाला येतो, हा माझा शेतीतला अनुभव. "पाठ धड न्हाई म्हणून पाठीवरच नवस?" म्हणत बायकोनं घासाघीस करून तो देवळाच्या आवारापुरता आणला.

देवळात पोचल्यावर ती गुलाल-खोबरं घ्यायला गेली आणि मी पहिलं दंडवत घातलं. पडणं झकास झालं. उठणं झालं नाही. कमरेत अशी कळ आली की बोट हलवायची सोय राहिली नाही. फरशीला नाक लावून पडून राहिलो. लोक आदरानं वळसा घालून जायला लागले. कुणीतरी म्हणालं, "केवढी भक्ती गड्या." एका नव्या जोडप्यानं तर माझ्या पायांना हात लावून नमस्कार केला. मी मनात कुणी विचारलंच तर "ठीक आहे" म्हणायची तयारी करत होतो.

तेवढ्यात कानाशी वॉकर टेकल्याचा आवाज झाला. डोळे वर केले तर नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई.

"बाबा, भक्ती हाय का पाठ?"

"भक्ती, मावशी."

"मग घाम का फुटलाय रं?"

"ऊन लय हाय."

"आरं, डोक्यावर मंडप हाय."

मी नाक पुन्हा फरशीला लावलं.

"दुखतंय म्हणाय तुला कोण दंड करतंय व्हय? देवाफुडं लपवतूयास, आन् त्येलाच मागाय आलायस."

माझ्या आत काहीतरी सैल झालं. "दुखतंय मावशी," मी म्हणालो, "उठाय येत न्हाई." एवढं साधं वाक्य मी बोर्डाला सोडाच, बायकोलाही कधी धड सांगितलं नव्हतं. डोळे भरून आले. त्यांनी वॉकर माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः खांबाला टेकून उभ्या राहिल्या. "धर. आन् सावकाश ऊठ." बाईमाणसाच्या वॉकरला धरून उठताना लाज वाटेल असं मला वाटलं होतं. हलकं वाटलं. बायको धावत आली, तिनं मला पायरीवर बसवलं, वॉकर परत केला. पाणी पिऊन मी मान वर केली तोवर त्या गर्दीत गेल्या होत्या. कवठे महांकाळच्या आहेत, एवढंच बायकोला बोलता बोलता कळलं. नाथानंच धाडलं, असं ती म्हणते. मी वाद घालत नाही.

दुसऱ्या बोर्डाला बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आत गेलो. वाकून दाखवा म्हणाले. हात गुडघ्याच्या वरच थांबले, तिथं मीही थांबलो. पाय बधिर होतो, सरीत पडतो, मोजे बायको घालते, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी नीट तपासलं. काही महिन्यांनी टक्केवारी वाढल्याचा हुकूम आला. आता उसाला गडी पाणी पाजतो आणि मी बांधावर बसून त्याच्या चुका काढतो. ते काम मला फार चांगलं जमतं.

शरण जाणं म्हणजे देवापुढे काहीतरी अवघड करून दाखवणं, असं मला वाटायचं. फौजेत तसंच असतं. देवाला माझी कवायत नकोच होती. भार पेलत नाही हे कबूल करायला मीच एवढी वर्षं घेतली. नवसाचं म्हणाल तर एकच दंडवत जमा आहे, आणि उरलेली नाथानं अजून मागितलेली नाहीत. अधूनमधून म्हसवडला जातो. मंडपात भिंतीला टेकून बसतो आणि आज कुठं, किती दुखतंय ते त्याला खरं खरं सांगतो. तो ऐकून घेतो.