तुक्कासर

ऑफिसखालच्या टपरीवर तुक्कासर चहा सांगायचे तो असा : "एक कट. अद्रक नको. अन् अद्रक नको म्हटलं म्हणून विलायची बी टाकू नको." टपरीवाला म्हणायचा, "सर, चहा सांगून राहिले का पेपर काढून राहिले?" सर हसायचे नाहीत. मनासारखा चहा आला की "हां" म्हणायचे आणि फुंकर मारायचे.

अमरावतीत बरीच वर्षं त्यांनी कोचिंग क्लासला फिजिक्स शिकवलं. चारांतले दोन पर्याय सारखे दिसले की पोरं अंदाजाने खूण करतात. सर विचारायचे, "तुक्का मारला ना बे?" त्यावरून हे नाव पडलं. क्लास बंद झाला तेव्हा ते आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत आले. तिथे कामांची आखणी माझ्याकडे असते : कोण, काय, कधीपर्यंत. सरांच्या नावापुढे मी 'टूलची वर्णनं' असं लिहिलं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

काम अकोल्याच्या एका दवाखान्याच्या डायलिसिस विभागाचं होतं. रुग्णांचे निरोप मोबाइलवर येतात. एआय एजंट ते वाचतो आणि कोणतं टूल, म्हणजे एकच ठरावीक काम करणारा छोटा प्रोग्राम, वापरायचं ते ठरवतो. टूल आतून कसं चालतं ते त्याला दिसत नाही. दिसतं फक्त नाव आणि त्याखालचं वर्णन. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्याचे वार ठरवून मिळतात. ते गेले तर दुसरे लवकर मिळत नाहीत, आणि अंगात पाणी साचणं थांबत नाही.

सर आले तेव्हा आमच्याकडे दोन टूल होती. एकाखाली लिहिलं होतं, 'रुग्णाची वेळ रद्द करते.' दुसऱ्याखाली, 'रुग्णाची नोंद रद्द करते.' अचलपूरच्या एका बाईंनी कळवलं की शुक्रवारी भाचीचं लग्न आहे, येणं होणार नाही. एजंटने दुसरं टूल वापरलं. बाईंचे पुढचे सगळे वार गेले. सोमवारी त्या एसटीने अकोल्याला पोचल्या, तर त्यांच्या खाटेवर दुसरंच कोणी होतं. संध्याकाळी जागा मिळेपर्यंत त्यांना धाप लागली होती.

"सर, एजंटचं एआय मॉडेल बदलू. नवीन जास्त हुशार आहे," निखिल म्हणाला. तो आमचा प्रोग्रामर.

"हुशार पोरगंच तं तुक्का मारते. या दोन ओळी वाचून तुले तरी फरक समजते का?"

"मला माहीत आहे ना सर, मीच बनवलं ते."

"तुले माहीत आहे. त्याले काहून माहीत असन? त्याले काय घरी जेवाले बोलावलं होतं तू?"

मग सरांनी दुसऱ्या टूलखाली लिहिलं : 'रुग्णाच्या यापुढच्या सगळ्या वेळा कायमच्या काढून टाकते. त्या परत मिळत नाहीत. एखादीच वेळ चुकणार असेल तर हे वापरू नका. त्यासाठी "एक वेळ रद्द" वापरा. निरोपावरून नक्की कळत नसेल तर आधी विचारा : फक्त ही वेळ, की यापुढच्या सगळ्या?'

लिहून झालं की ते कागद अकाउंट्सच्या बाईंसमोर ठेवत. खरे निरोप वाचून दाखवत आणि विचारत, सांगा, यातलं कोणतं वापरणार? बाई अडखळल्या की कागद ओढून घेत. "तुमची चूक नाही. माह्या वाक्याची आहे." बाईंना या कामाचे पैसे मिळत नव्हते, हे त्या दरवेळी ऐकवत.

पुढे सरांच्याच किडन्या गेल्या. शुगर जुनी होती. ते मूर्तिजापूरला राहायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची गाडी अकोल्याकडे, त्याच दवाखान्यात; बाकीचे दिवस अमरावतीकडे. "ताई, आता मी टूलच्या दोन्ही बाजूले आहो," असं मला म्हणाले. मी त्यांचे ते वार माझ्या आखणीतून काढले.

पावसाळा संपताना एका गुरुवारी पहाटे ते गेले. अंत्यविधीहून परतल्यावर मी रोजच्यासारखी एजंटची संभाषणं तपासायला घेतली. दुपारी सरांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, निरोप पाठवला होता : 'उद्या साहेब येणार नाहीत.'

एजंटने विचारलं होतं, 'फक्त उद्याची वेळ, की यापुढच्या सगळ्या?'

'सगळ्या.'

'या वेळा परत मिळणार नाहीत. नक्की काढायच्या का?'

'हो.'

काही बिघडलं नव्हतं. रिकामी झालेली जागा प्रतीक्षेतल्या एका माणसाला मिळाली होती. मी 'तपासले' अशी खूण केली आणि पुढचं संभाषण उघडलं. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं. वाटत काही नव्हतं. घरी जाताना दूध घेतलं.

तेराव्यानंतर मी मूर्तिजापूरला गेले. त्या प्रश्नाबद्दल वहिनींची माफी मागितली.

"मले राग नाही आला, ताई," त्या म्हणाल्या. "ते त्यायचंच वाक्य. मी ओळखलं. भाजी आणू का म्हटलं, तं विचारत, आजची का हप्त्याची?" मग त्यांनी पदराने चष्मा पुसला. "पण काहून येणार नाहीत, हे कोणीच नाही विचारलं न."

हे सरांच्या वर्णनात नव्हतं. लग्न, गाव, पाऊस, चुकलेली गाडी, सगळं त्यांनी धरलं होतं. हे एक राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते वर्णन उघडलं. सरांचा एकही शब्द काढला नाही. खाली लिहिलं : 'सगळ्या वेळा काढायला सांगितल्या, तर पुढे काही विचारू नका आणि काही काढू नका. निरोप ड्यूटीवरच्या नर्सकडे द्या. ती घरी फोन करेल.'

कागद अकाउंट्सच्या बाईंसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"अन् फोन करून नर्स काय बोलन?"

"ते तिला कळेल," मी म्हणाले, आणि बदल चालू केला.