व्हर्लीनबाईंची नोकरी

ओहायोतल्या आमच्या कॉलेजात काळ्या प्राध्यापकाशिवाय एकही समिती बसत नाही. नियमच आहे तसा, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. काळा प्राध्यापक मात्र एकच: भौतिकशास्त्राच्या डॉ. व्हर्लीन टॉलिव्हर. दुसरा का घेत नाही म्हणून विचारलं, तर निवडसमिती म्हणते, "आहेत की एक!" त्यामुळे बाई चौदा समित्यांवर. पार्किंग, पुतळे, कँटीनचं सूप, सगळीकडे. या सभांची इतिवृत्तं मी लिहितो. बाई माझ्याच चर्चमधल्या. मला काका म्हणतात.

सातव्या वर्षी त्यांच्या नोकरीचा निकाल लागायचा होता. कायम व्हायचं, नाहीतर जूनमध्ये गाशा गुंडाळायचा.

सभा भरली. अध्यक्ष हॉल्व्हर्सन गोरे, बोलायला लोण्यासारखे. म्हणाले, "बाई, विषय तुमचाच आहे. जरा बाहेर बसता?"

बाई बाहेर गेल्या.

"कोरम मोडला," मी म्हणालो.

"मग बोलवा त्यांना."

बाई आत आल्या.

"पण त्यांच्याविषयी त्यांच्यादेखत कसं बोलायचं?"

बाई बाहेर गेल्या. अशा चार खेपा झाल्या. आत असल्या की लोक हवापाण्यावर बोलत. बाहेर गेल्या की सभाच नसे. मधल्या एका फटीत कुणीतरी म्हणालं, "संशोधन कमी पडतं यांचं. वेळ जातो तरी कुठे?" हे शोधायला उपसमिती नेमायचं ठरलं. तिच्यावर एक काळा प्राध्यापक हवाच होता. अर्थात बाई.

पाचव्यांदा बोलवायला मी बाहेर गेलो, तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"काका, जूनपर्यंत निर्णयच झाला नाही, तर नियम काय म्हणतो?"

"आहे तसंच, आणखी एक वर्ष."

"आणि मी आत नसले तर निर्णय होत नाही."

"नाही होत."

"मग सांगा त्यांना, मी प्रयोगशाळेत आहे."

याला अकरा वर्षं झाली. दर एप्रिलला सभा भरते, बाई उठून जातात, सभा मोडते. मी तसं लिहितो. पगार सातव्या वर्षी होता तेवढाच आहे.

परवा चर्चच्या जेवणात माझी बायको हळहळली, "इतकी हुशार पोर, पण कायम काही केलं नाही मेल्यांनी."

"काढलंय तरी कुठे, काकू?" बाई म्हणाल्या, आणि ताटात कोंबडीचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.